बस नसलेल्या शहरात लायसन्स मिळवताना

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध आर्लिंग्टन आहे. 2020 च्या जनगणनेप्रमाणे इथली लोकसंख्या 3,94,000 च्या वर. 80,000 प्रेक्षकांचं फुटबॉल स्टेडियम, बेसबॉलचं वेगळं स्टेडियम, 1961 पासूनचं सिक्स फ्लॅग्ज हे मनोरंजन उद्यान, जनरल मोटर्सचा कारखाना, टेक्सास विद्यापीठाचा मोठा कॅम्पस, हे सगळं या एका गावात. ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळेला धावणारी सिटी बस मात्र नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-4 व्हिसावर इथे आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक सांगण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नसावं, कारण सांगणारे सगळे गाडीवाले.

मी डोंबिवलीची. कॉलेज, नोकरी, दवाखाना, लग्नकार्यं, सगळं लोकल, बस आणि शेअर रिक्षावर झालं. गाडी शिकायची गरज कधी पडली नाही. गर्दीत जीव नकोसा व्हायचा हे खरं, पण कुठे आणि कधी जायचं हे माझं मी ठरवत होते. इथे सकाळी नवरा गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत मी कॉम्प्लेक्सच्या कुंपणाआत. कोथिंबीर हवी असली तरी त्याची सवड विचारायची. तो कधी नाही म्हणाला नाही. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रत्येक बाहेर पडण्याला दुसऱ्याचा होकार लागणं काय असतं, हे सोसल्याशिवाय कळत नाही.

चालत जाऊन पाहिलं. वाणसामानाचं मोठं दुकान तसं फार लांब नव्हतं. पण फुटपाथ मध्येच संपतो, पुढे गवत, मग पेट्रोल पंपाचं प्रवेशद्वार, मग पुन्हा थोडा फुटपाथ. सहा लेनचा रस्ता ओलांडायला सिग्नल एवढ्या अंतरावर की समोर दिसणाऱ्या दुकानासाठी उलट दिशेने चालावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 38 अंशांच्या पुढे जातो आणि वाटेत एक झाड नाही. एकदा एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, काही अडचण आहे का, गाडी बंद पडली का? फार मायेने विचारलं त्यांनी. पायी चालणारं माणूस म्हणजे अडचणीतलं माणूस, हेच इथलं गणित.

म्हणून लायसन्स काढायचं ठरवलं. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. पंचविशीच्या पुढच्यांना टेक्सासमध्ये ड्रायव्हिंग स्कूलचा सक्तीचा कोर्स नाही, हे एक बरं आहे. पासपोर्ट, व्हिसा, आय-94 (देशात आल्याची सरकारी नोंद) आणि पत्त्याचे दोन पुरावे लागतात. माझी पहिली अडचण या पुराव्यांपाशीच आली. वीजबिल, इंटरनेट, गाडीचा विमा, सगळं नवऱ्याच्या नावावर. भाडेकरारात माझं नाव होतं, तो एक झाला. दुसऱ्यासाठी बँकेच्या खात्यात नाव घालून घेतलं आणि स्टेटमेंट यायची वाट पाहिली. नव्याने येणाऱ्या बायकांना माझं सांगणं एवढंच, की पहिल्याच आठवड्यात एखादं बिल आपल्या नावावर करून घ्या.

त्यानंतर अपॉइंटमेंट. जवळच्या ऑफिसातल्या तारखा फार पुढच्या होत्या, लवकरची मिळाली ती दुसऱ्या गावातली. म्हणजे गाडी चालवण्याच्या परवान्याचा अर्ज करायलाच गाडी हवी. नवऱ्याने सुट्टी घेतली. लेखी परीक्षेत 30 प्रश्न असतात आणि 70 टक्के, म्हणजे 21 बरोबर यावे लागतात. त्यासाठी सरकारी पुस्तिका नीट वाचली की पुरतं. शाळेच्या पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर थांबायचं, लाल सिग्नलला पूर्ण थांबून मग उजवीकडे वळता येतं, चार बाजूंनी स्टॉपची पाटी असेल तर आधी आलेल्याने आधी जायचं. हे शेवटचं मला मनापासून आवडलं. पोलीस नाही, सिग्नल नाही, तरी चारही गाड्या आपापली पाळी ओळखतात.

शिकाऊ परवाना आला, पण सरावासाठी शेजारी परवानाधारक बसलेला हवा, म्हणजे परत नवऱ्याचे शनिवार-रविवार. आधी त्याच्याबरोबर मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी फिरवली आणि मग एका ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंकडे शिकायला गेले. त्या घरी येऊन घेऊन जात, आणि माझ्यासारखीला तेच महत्त्वाचं होतं. खांद्यावरून मान वळवून मागे बघायची सवय त्यांनी लावली. नुसत्या आरशावर विसंबलं तर परीक्षेत गुण जातातच आणि रस्त्यावर त्याहून जास्त जाऊ शकतं. हायवे 360 वरून आय-20 या महामार्गाला लागताना वेग वाढवत शिरायचं असतं, तिथे माझे हात गार पडायचे. बाई शांतपणे म्हणायच्या, जागा बघ, घाबरू नकोस, जागा बघ.

प्रत्यक्ष परीक्षेला स्वतःची गाडी, तिचा विमा आणि नोंदणीचे कागद घेऊन जावं लागतं. त्याआधी एक तासाचा व्हिडिओ कोर्स पूर्ण करून त्याचं प्रमाणपत्रही न्यायचं असतं. काही मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूल्स परीक्षा स्वतःच घेतात, मी तिथेच दिली. पॅरलल पार्किंग जमलं तेव्हा निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. लायसन्स हातात आलं, त्यावरची मुदत इथे राहण्याच्या परवानगीच्या मुदतीएवढीच.

या सगळ्या काळात मला आधार होता तो शहराच्या व्हॅनचा. इथे बस नसली तरी 2017 च्या डिसेंबरपासून एका खासगी कंपनीच्या मदतीने ॲपवर बोलावता येणाऱ्या छोट्या व्हॅन चालतात. 2021 पासून त्या पूर्ण शहरात जातात. ॲप सांगेल त्या कोपऱ्यावर जाऊन थांबायचं, वाटेत आणखी एक-दोघं चढतात. मी वापरायला लागले तेव्हा अंतरानुसार 3 ते 5 डॉलर भाडं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते रात्री नऊ, शनिवारी नऊ ते नऊ, रविवारी बंद, अशा वेळा होत्या. रेल्वेच्या सेंटरपोर्ट स्टेशनलाही ती सोडते, तिथून डॅलस-फोर्ट वर्थ जोडणारी ट्रिनिटी रेल्वे मिळते. स्टेशन आर्लिंग्टनच्या हद्दीत नाही, उत्तरेला हद्दीबाहेर आहे. या व्हॅनमध्ये मला शहर पहिल्यांदा दिसलं. हॉस्पिटलात साफसफाईची पाळी करणाऱ्या बाई, विद्यापीठातली तेलुगू मुलं, दृष्टी गेल्यामुळे गाडी सोडावी लागलेले एक आजोबा. एरवी ही माणसं रस्त्यावर कुठेच दिसत नाहीत.

शेजारचं इर्विंग असं नाही. तिथल्या लोकांनी 1983 मध्ये डार्ट या वाहतूक संस्थेत जायचा कौल दिला, म्हणून तिथे बस आहे, ट्राम आहे, आणि ती 2014 पासून थेट विमानतळापर्यंत जाते. आर्लिंग्टनच्या मतदारांनी मात्र 1980, 1985 आणि 2002 असं तीनदा नकार दिला. प्रश्न मुख्यतः विक्रीकराचा. टेक्सासमध्ये स्थानिक विक्रीकर 2 टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि डार्टमधली शहरं त्यातला 1 टक्का डार्टला देतात. आर्लिंग्टनकरांनी 2004 मध्ये अर्धा टक्का फुटबॉल स्टेडियमसाठी द्यायला होकार दिला. 2009 मध्ये ते उघडलं, शहराचा वाटा 32.5 कोटी डॉलर. विद्यापीठापासून सेंटरपोर्टपर्यंत एक बस 2013 मध्ये सुरू झाली होती, 2017 अखेर ती थांबली आणि व्हॅन आल्या. रिकामी बस फिरवण्यापेक्षा व्हॅन स्वस्त, हा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकलाय आणि तो पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण कामावर वेळेत पोचायचं असणाऱ्याला गाडी पाच मिनिटांत येईल की पस्तीस, हे रोज नव्याने कळून चालत नाही. बस उशिरा आली तरी ती त्याच रस्त्याने येणार हे माहीत असतं, आणि त्या भरवशावर माणूस घर घेतो, नोकरी धरतो.

लायसन्स आल्यावर माझा प्रश्न सुटला असं वाटलं होतं. मग 2024 मध्ये आई आली. सदुसष्ट वर्षांची, एकटी एसटीने सावंतवाडीला जाणारी. पासष्टीनंतर ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट झाल्यापासून तर तिचे फेरे वाढलेच होते. आता तीच मला विचारायला लागली, “तुला वेळ असेल तेव्हा जाऊ गं, घाई नाही.” नवऱ्याला मी जे म्हणायचे तेच शब्द. एवढे कष्ट करून मी रांगेत एक जागा पुढे सरकले होते आणि माझ्या जागी आई उभी होती. तळमजल्यावरच्या बाईंना डायलिसिसला सोडणारं कोणी नसलं की त्याही मलाच विचारतात. मी आनंदाने जाते. पण एका शहराने आपल्या आजारी माणसांची ने-आण शेजाऱ्यांच्या सवडीवर सोडावी, हे मला पटत नाही.

आईला इथलं सिमकार्ड घेऊन दिलं, ॲप बसवलं, घर आणि ग्रंथालय हे दोन पत्ते त्यात साठवून ठेवले. पहिल्या खेपेला मी बरोबर गेले, दुसऱ्या खेपेला तिने मला येऊ दिलं नाही. रविवारी इर्विंगच्या एकता मंदिरात जायचं तर मात्र मीच लागायचे, कारण त्या दिवशी व्हॅन नाही आणि ट्रिनिटी रेल्वेही नाही.

मला इथे मत नाही, पण शहराच्या कौन्सिलपुढे बोलायला मत लागत नाही. नाव नोंदवून गेले आणि रविवारची सेवा मागितली, रात्रपाळीवाल्यांसाठी नऊच्या पुढची वेळ मागितली. मिळालेल्या वेळात डायलिसिसचं आधी सांगितलं, मंदिराचं नंतर. माझ्यामागून एक विद्यार्थी बोलला, त्याने सेंटरपोर्टची नियमित बस परत मागितली. आता आम्ही दोघं मिळून व्हॅनमधल्या लोकांना गाठतोय, पुढच्या वेळी ज्यांना येता येईल त्यांनी यावं म्हणून. सभा संध्याकाळी असते आणि परतीची व्हॅन नऊला बंद होते, म्हणून माझ्या गाडीत चार जागा धरून ठेवल्यात.