माझी यादी, आईंची पेन्सिल

मंगळवार, रात्री उशिरा

आज माझ्या यादीत, म्हणजे फक्त स्वतःच्या मजेसाठी करायच्या गोष्टींच्या यादीत, एक ओळ जास्त निघाली.

मी लिहिलेलं जिथे संपतं त्याच्याखाली, पेन्सिलीने: 'बोटीवरचा जुगार आत जाऊन बघणे.' प्रत्येक शब्दावर सुटी, सरळ शिरोरेषा आणि शेवटी ठसठशीत पूर्णविराम. या घरात पेन्सिलीने लिहिणारं माणूस एकच, आई, म्हणजे माझ्या सासूबाई. दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला ती तारीख, कुणाच्या बारशाला काय दिलं, सगळं पेन्सिलीने आणि सगळं असंच टपोरं. तेव्हा कोणी लिहिलं याचा शोध लावावा लागला नाही.

संध्याकाळभर मी घुश्शात. सुधीरने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. त्याला ते पटलं, हे आणखी एक.

खरंच काय झालं? माझं काही खोडलेलं नाही, पान फाडलेलं नाही, 'ह्या वयात काय हे' असलं कुणी काही म्हटलेलं नाही. एक ओळ वाढली, बस्स. तरी घशाशी जे आलंय ते खाली जात नाही. या घरात माझं म्हणून काय आहे, हा प्रश्न विचारायचा नसतो हे मला कळतं. पण बाहेर पाऊस लागलाय, सगळे झोपलेत, तर विचारून घेते. कपाट निम्मं सुधीरचं. फोनचा पासवर्ड ऋचाला पाठ. माहेरून आणलेली समई देवघराची झाली, शिवणयंत्र सगळ्या वाड्याचं झालं. बँकेने फुकट दिलेल्या डायरीचं मागचं एक पान, एवढंच तर होतं. तेही...

जाऊ दे.

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाल्यावर एका दुपारी ती यादी लिहिली होती. नियम एकच: ज्याचा घराला काडीचा उपयोग नाही तेच लिहायचं. लिहायला सोपा, पाळायला महाकठीण. पणसायमळचंच बघा. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. बैल, हरणं, नाचणारी बाई आणि एक मोठं गोल चक्रव्यूह. अभ्यासकांच्या नजरेला ती 1993 साली पडली. मी गोव्यात जन्मून, गोव्यात नांदून माझ्या नजरेला पडायला हा हिवाळा उजाडला. मला तिथे एकटीला जायचं होतं. निघता निघता गाडीत सुधीर, ऋचा, नंदाताई, तिची दोन पोरं आणि टोपलीभर उकडलेले कणगे. तिथल्या माणसाने चक्रव्यूहावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खोबणीत शिरलं, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर सरकत गेलं, कोरडा दगड गडद होत गेला आणि मघापर्यंत नुसता खडक दिसत होता तिथे वाट उमटली. मी उकिडवी बसून बोटाने न शिवता, नुसत्या नजरेने त्या वाटेने आत चालले होते, अर्ध्यावर पोचले होते, तेवढ्यात मागून सुधीरचा आवाज: इथल्या बागायतीत मिरी काय भावाने देतात, विचारून येतो. येताना किलोभर मिरी आली. झाला घराला उपयोग.

दिवाडी बेटाचंही तसंच, पण जरा वेगळं. 'काम नसताना फेरीबोटीत बसून पलीकडे जाणे आणि परत येणे.' आमच्या माशेलहून जुनं गोवं काय लांब आहे? व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की धक्का. पायी माणसाला पैसेही पडत नाहीत. मी मुद्दाम पर्स सोडून काही घेतलं नाही, पिशवीसुद्धा नाही. शेजारी मासळीची रिकामी पाटी घेतलेली बाई होती. तिने विचारलं, "कोणागेर?" म्हटलं, कुणाकडे नाही, अशीच. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घरांत कितें जालें?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आज आठवून येत नाहीये.

कारण उत्तर असं आहे की घरात काही झालेलं नव्हतं. काही व्हायला लागतंच का? एखाद्या बाईने नदी ओलांडायची तर पलीकडे नातेवाईक तरी हवा, देऊळ तरी हवं, नाहीतर नवऱ्याशी भांडण तरी. त्या बाईला हे कळत नाही हे मी समजू शकते. पण आईंना? यादी कुठे ठेवते ते त्यांना माहीत, ती कशासाठी आहे तेही. मग तिच्यात हात का घातला? माझ्या यादीत शिरायचं म्हणजे मला पुन्हा कुणालातरी कुठेतरी घेऊन जायचं काम आलं. रांग, रिक्षा, गोळ्या, पाण्याची बाटली, गुडघे. मजेच्या पानावर ड्यूटी.

हे लिहिल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

तियात्र, म्हणजे गाण्याबजावण्याचं कोकणी नाटक, मात्र मनासारखं झालं होतं, ते तरी लिहून ठेवते. मडगावला, रवींद्र भवनात. आमचं नाटक म्हणजे देवळाच्या उत्सवातलं. नांदीने सुरू, पहाटेला संपणार, राजाच्या पोशाखात आपला पोस्टमन आणि विंगेतून प्रॉम्प्टर त्याच्याहून मोठ्याने. तियात्राचं सगळंच निराळं. एक प्रवेश संपतो न संपतो तोच पडद्यापुढे गाणारा उभा. त्याच्या कांताराचा गोष्टीशी काही संबंध नाही, पण सरकारला असा सोलून काढतो की थिएटर 'वन्स मोर' करून डोक्यावर घेतं. खाली ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. पहिलं तियात्र 1892 साली लागलं ते गोव्यात नव्हे, मुंबईत, हे शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला मध्यंतरात सांगितलं आणि भजं पुढे केलं. मी पोट धरून हसले त्या रात्री. एवढी वर्षं साष्टीत जाऊन लग्नं जेवले, तियात्र कधी बघितलं नव्हतं.

पण तियात्र बघायचं हे माझं होतं का? ऑफिसात फिलोमिना म्हणाली होती, गोंयकार म्हणवतेस आणि तियात्र बघितलं नाहीस? त्या रागात लिहिलं. पणसायमळ स्टेटसवर दिसलेल्या कुणाच्यातरी फोटोंवरून. पणजीच्या फोंतेन्यात एकटीने बसून कॉफी पिणे, ती तर सरळ रीलमधली. तशी पिवळी भिंत, तशी निळी खिडकी. पाण्यावर उताणं तरंगणे, ऋचाने सुचवलं, तेही माझ्या पाठदुखीवर उपाय म्हणून. बसून एकेक तपासायला लागले तर माझ्या म्हणवणाऱ्या यादीत माझ्या पोटातून आलेल्या गोष्टी दोनच. एक, चिखलकाला. आषाढी एकादशीचं भजन संपलं की द्वादशीला देवकीकृष्णाच्या पुढ्यातल्या मैदानात तेल चोपडून लोळतात ते पुरुष आणि पोरं. मी लग्न होऊन आल्यापासून कडेला छत्री धरून उभी. आणि दुसरी, यादीतली सातवी ओळ. सातवी इथेही लिहीत नाही.

आणि आईंची ती ओळ बघा. ती कुणी सुचवलेली असणं शक्य नाही. कुठल्या रीलमध्ये नऊवारीतली बाई कॅसिनोत शिरते?

बारा वाजून गेले. मध्ये उठले होते. पाणी प्यायला गेले तर आईंच्या खोलीत दिवा. पलंगावर बसून गुडघ्याला तेल लावत होत्या. म्हटलं आता काय, विचारूनच टाकू.

"आई, डायरीत तुम्ही लिहिलंत?"

"हो. खाली जागा होती."

यावर काय बोलणार?

"पण ते आत जाऊन काय बघायचंय तुम्हाला?"

"तू गेलीस ना दगडावरची चक्रं बघायला? तसंच."

मोतीबिंदू काढल्यापासून पणजीला गेलं की त्या मांडवीच्या बाजूच्याच खिडकीला बसतात, हे मला आत्ता आठवलं. मला वाटायचं दिवे आवडतात. मी त्यांना सांगितलं की बोटींवर जिथे खेळतात तिथे आपल्याला सोडत नाहीत, 2020च्या फेब्रुवारीपासून सरकारने गोव्याच्या माणसाला जुगाराच्या जागी बंदी केली आहे. बाहेरगावच्यांनी खेळायचं, आपण नाही.

त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. म्हणाल्या, "जत्रेत नाही घातली ती कुणी बंदी."

आईंच्या माहेरच्या, सावईवेऱ्याच्या कुळागराचं काय झालं ते आमच्याकडे कुणी बोलत नाही. पोफळी, माड, मिरवेली, झरीचं पाणी सगळ्यासकट ते गेलं एवढंच लग्नानंतर कधीतरी कानावर आलं होतं. त्यांच्या वडिलांचा फोटो या घरात नाही. मी विचारलं नाही, आणि त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. गुडघ्यावर तेल मात्र पुन्हा पहिल्यापासून चोळायला लागल्या.

मग मीच म्हटलं, शनिवारी पणजीला जाऊ. आत नाही सोडलं तरी बोटीवर नेणारी होडी सुटते त्या धक्क्यापर्यंत जाता येईल. तिथे काउंटरवर माणसं असतात, त्यांना विचारू. त्यांना हे एकदम पसंत पडलं. काउंटरवरच्या माणसाशी बोलायला तरी देतील ना, म्हणाल्या. काय बोलायचंय ते सांगायला तयार नाहीत. सुधीरला गाडी काढायला सांगू का विचारलं तर, "त्याला कशाला? तो पार्किंगचे पैसे मोजत बसेल." हे अगदी खरं आहे. कदंबाच्या बसने जायचं ठरलं.

म्हणजे आता माझ्या मजेच्या यादीतून माझी सासू मजा करणार, मी तिची पिशवी धरणार, आणि जिथे जायचं तिथे कायद्याने दार बंद. नियमाला धरूनच आहे म्हणा. घराला काडीचा उपयोग नाही. माझ्या स्वतःच्या एकाही गोष्टीला हे इतकं चोख जमलेलं नाही.

घुस्सा गेला असं नाही. पुढच्या वेळी विचारून लिहा असं सांगायला हवं होतं, ते राहिलंच. सांगितलं असतं तर पेन्सिल पुढे करून त्या म्हणाल्या असत्या, मग खोड.

दिवा मालवायला उठले तेव्हा मागून आवाज आला, "आणि गो, चिखलकाला आता आलाच. उतरायचं असेल तर माझं जुनं लुगडं घे कपाटातलं. ड्रेस घालून जाऊ नकोस, तो चिखल मेला धुऊन जात नाही."

म्हणजे पान वरपासून खालपर्यंत वाचलंय. म्हणजे सातवीही वाचली. तिच्याबद्दल चकार शब्द नाही. आणि सकाळी सहाला त्यांच्यासमोर बसून मला चहा प्यायचाय.