भरीत सर्वांचे, लेख माझा

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून केलेल्या भरिताविषयीचा माझा लेख, माझे नाव तेवढे गाळून, जळगावभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नोंदणी केली नसल्याने इलाज नाही, असे स्नेही म्हणतात. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन कागदावर वा पडद्यावर उतरताच हक्क लेखकाचा होतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षे टिकतो. भरिताची कृती खानदेशातल्या घराघराची आहे, तिच्यावर मी दावा सांगणे हास्यास्पद ठरेल. शब्दरचना आणि छायाचित्रे मात्र माझी. म्हणून मूळ मसुदा तारखेसह जपावा, नकलेचे स्क्रीनशॉट घेऊन लेखी हरकत नोंदवावी. शिवाय आपल्या नावाने दुसऱ्या कोणी काही पाठवू नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅप खात्याला द्विस्तरीय पडताळणी (ओटीपीखेरीज स्वतःचा पिनही विचारणारी सोय) लावावी, आणि ओटीपी कोणालाही, अगदी ओळखीच्या मोबाइल दुकानदारालाही, सांगू नये.