तीन वर्षांची फाईल

काकांनी पिशवीतून फाईल काढली. दर तीन महिन्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, तीन वर्षांचे. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या सरासरीचा आकडा, कधी 6.8, कधी 6.5. इतकी नेटकी फाईल मी क्वचित पाहिली आहे. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाने तिच्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "डोळ्यात रक्त उतरलंय, मॅडम. चोरून गोड खात असणार. मार्केटमध्ये काय चालतं ते घरी कुठे कळतं?"

नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात मी संशोधन सहायक आहे. मधुमेहींच्या रक्तातल्या लाँग नॉन-कोडिंग आरएनएवर, म्हणजे डीएनएवरून निघणाऱ्या पण प्रथिन न बनवणाऱ्या लांब रेणूंवर, आमचं काम चालतं. काका डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी आले होते, तिथून त्यांना माझ्याकडे पाठवलं. मूळचे पाटणकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तीसेक वर्षं माथाडी. मुलाच्या बोलण्यावर ते काहीच बोलले नाहीत, खाली बघत राहिले. ते मला सहन झालं नाही.

मी मुलाला फाईल उघडायला लावली. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून तो खाली येत नाही. चोरून खाणाऱ्याचा आकडा तीन वर्षं असा राहत नाही. मग काकांना विचारलं, साखर पहिल्यांदा कधी कळली?

"धा-बारा वर्सं झाली आसतील. तवा काय तरास न्हवता ओ ताई. गोळ्या मधीच सोडल्या."

फाईलच्या तळाशी त्या काळातला एकच कागद होता. एचबीएवनसी 11.2.

गोष्ट तिथे होती. अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांची साखर काटेकोर ठेवली, निम्म्यांवर तेव्हाचे नेहमीचे उपचार केले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी जास्त साखरेत राहिलेल्यांचे डोळे आणि मूत्रपिंडं पुढची कित्येक वर्षं जास्त बिघडत राहिली. रक्तातली साखर उतरली तरी शरीर जुने दिवस विसरत नाही. टाइप 2 मध्येही अशाच खुणा दिसल्या आहेत. ही आठवण पेशी कशी जपतात, त्याचा एक धागा आमच्या आरएनएपाशी येतो.

हे काकांना कसं सांगायचं? आपल्या डीएनएतला जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनं बनवण्याच्या कामाचा. बाकीच्यातूनही आरएनए निघतात. त्यातले दोनशेपेक्षा जास्त अक्षरांचे लांबलचक आरएनए प्रथिन बनवत नाहीत, पण कोणतं जनुक चालू राहील आणि कोणतं बंद, यात हात घालतात. मी एवढं सांगितलं आणि काका पहिल्यांदाच हसले. "म्हंजी मुकादम की! सोता गोणी उचलत न्हाय, पर कुठली गाडी आदी खाली करायची त्ये त्योच ठरीवतो."

याहून चांगलं मला कधीच सांगता आलं नसतं. मग मीही त्यांच्याच भाषेत गेले. एमआयएटी नावाचा एक मुकादम आहे. साखर वाढली की तो वाढतो आणि एका छोट्या मायक्रोआरएनएला धरून ठेवतो. त्या छोट्याचं काम व्हीईजीएफला, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला, आवरायचं. तोच अडकला की व्हीईजीएफ मोकाट सुटतं, डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या गळतात. काकांच्या डोळ्यात त्या दिवशी जे औषध जाणार होतं, ते याच व्हीईजीएफला अडवणारं! मॅलॅट1 नावाचा दुसराही असाच. मधुमेही उंदरांमध्ये तो कमी केला, तेव्हा पडद्यातली गळती कमी झाली. पण हे सगळं अजून पेशींत आणि प्राण्यांत दिसलेलं आहे, माणसासाठी यावर औषध नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं.

संमतीपत्रावर सही करताना काकांनी विचारलं, "माजा रिपोर्ट कदी मिळंल?"

हा प्रश्न मला दरवेळी जड जातो. "नाही मिळणार, काका. यातून तुमच्या उपचारात आज काहीही बदलणार नाही. नाही म्हणालात तरी इंजेक्शन मिळेलच."

त्यांनी बाही वर केली. "घ्या."

आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवरची एन्झाइमंसुद्धा त्याचे तुकडे करतात. मी नळी बर्फात ठेवली आणि लगेच निघायला हवं होतं, तेवढ्यात काकांनी मुलाकडे बोट दाखवलं. "ह्येचं बी घ्या."

"अभ्यासासाठी नाही घेता येणार. पण याची साखर कधी तपासलीय?"

मुलगा गप्प. वय एकोणतीस, मधुमेह वडिलांना आणि आजीलाही. त्यालाही तेव्हा काही त्रास नव्हता. मी चिठ्ठी लिहून दिली आणि तळमजल्यावरची खोली सांगितली. उठताना फाईल त्याने स्वतःच्या हातात घेतली.