तुम्ही विचारलेत म्हणून: सेफ्टी मॉड्यूल बदलायला एवढा वेळ का लागतो?

सेफ्टी पीएलसीची, म्हणजे धोका दिसताच कारखान्यातली यंत्रे सुरक्षितपणे थांबवणाऱ्या संगणकाची, देखभाल हे माझे रोजचे काम असल्याने एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: त्याचे बिघडलेले मॉड्यूल (सुटा बदलता येणारा भाग) काढले, त्याच क्रमांकाचे नवे बसवले, हिरवा दिवा लागला, तर मग आणखी तीन तास कशासाठी? प्रश्न रास्त आहे, कारण मॉड्यूल काढून बसवण्याचे काम खरोखरच पाच मिनिटांचे असते. मात्र साध्या मॉड्यूलमध्ये चूक राहिली तर ती बहुधा लगेच कामात दिसते, तर सेफ्टी मॉड्यूलमधली चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते आणि ज्या क्षणी त्याची गरज पडते त्याच क्षणी उघडी पडते.

बहुतेक सेफ्टी आउटपुट, म्हणजे व्हॉल्व्हसारख्या उपकरणांकडे जाणाऱ्या जोडण्या, वीज गेली की सुरक्षित स्थितीत जावेत असे जोडलेले असतात. म्हणजे मॉड्यूल उपसताच 24 व्होल्ट जातात, व्हॉल्व्ह बंद होतात आणि त्यांच्यामागून अख्खा विभाग थांबू शकतो. हे टाळण्यासाठी बायपास घेतला जातो, म्हणजे ते संरक्षण तात्पुरते वगळले जाते, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत धोक्याचा टप्पा तोच आहे. जितका वेळ बायपास आहे तितका वेळ संरक्षण नाही. म्हणून त्या काळात कोणता दाब कोण पाहणार, किती वाजेपर्यंत, आणि तो वाढला तर हाताने काय बंद करणार, हे कागदावर लिहून शिफ्ट प्रमुखाची सही घेतल्याशिवाय मी स्क्रू सैल करत नाही. सुरक्षा प्रणालींविषयीचे आयईसी 61511 हे आंतरराष्ट्रीय मानकही बायपासच्या काळात पर्यायी उपाय असावेत असे सांगते.

जुने मॉड्यूल का गेले, हेही आधी पाहावे लागते. एकदा नवे मॉड्यूल बसवून आम्ही परतलो आणि दोन दिवसांत त्याच चॅनलवर, म्हणजे त्याच जोडणीवर, पुन्हा दोष आला. त्या जोडणीवरच्या सोलेनॉइडचे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या विद्युतचुंबकाचे) झाकण उघडले तेव्हा आत पाणी साचलेले आणि टर्मिनल हिरवे पडलेले दिसले. मॉड्यूलने आपले काम चोख केले होते. आम्हीच निरोप आणणाऱ्याला बदलून आलो होतो.

काही जुन्या मॉड्यूलच्या पाठीवर दहा बारीक स्विचची रांग असते. सेफ्टी पत्ता, म्हणजे प्रणालीतली त्या मॉड्यूलची ओळख, त्यावर ठरतो आणि मॉड्यूल एकदा रॅकवर बसले की ती दिसत नाही. म्हणून जुने आणि नवे मॉड्यूल टेबलावर पालथे ठेवून, एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा ताडून पाहतो. फर्मवेअर (मॉड्यूलमधले अंगभूत सॉफ्टवेअर) आणि प्रोग्रॅमची सेफ्टी स्वाक्षरी (तो बदललेला नाही हे दाखवणारा संकेतांक) यांचीही नोंदींशी अशीच पडताळणी होते.

खरा वेळ जातो तो चाचणीत. इमर्जन्सी स्टॉपला दोन चॅनल असतात आणि बटण दाबले की दोन्ही एकदम उघडतात. त्यांतला एक निकामी असला तरी दुसऱ्यामुळे यंत्र थांबते आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून मी पहिल्या चॅनलची तार एकटीच काढतो, प्रणाली थांबल्याचे पाहतो, तार लावून दोष रीसेट करतो आणि मग दुसरीची पाळी येते. आउटपुटच्या बाबतीत पडद्यावर ‘बंद’ दिसणे मला पुरत नाही. एक सहकारी व्हॉल्व्हपाशी उभा राहून दांडा पूर्ण बसल्याचे वॉकीटॉकीवर सांगतो, तेव्हाच चाचणीच्या तक्त्यातली ती ओळ भरली जाते.

यानंतर घेतलेला प्रत्येक बायपास यादीवर बोट ठेवून काढायचा आणि कंट्रोलरची, म्हणजे पीएलसीची, किल्ली कोणत्या स्थितीत आहे ते पाहायचे, कारण ‘प्रोग्रॅम’ स्थितीत त्यातला प्रोग्रॅम बदलता येतो. 2017 साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यातल्या सेफ्टी कंट्रोलरमध्ये ट्रायटन हे घातक सॉफ्टवेअर शिरू शकले, त्याला किल्ली ‘प्रोग्रॅम’ स्थितीत राहिलेली असणे हेही एक कारण होते. त्यामुळे किल्ली ‘रन’वर फिरवून, काढून, शिफ्ट प्रमुखाच्या हातात देईपर्यंत मी पॅनेलचे दार लावत नाही.