माद्रिद: कंदील आणि बल्ब

माद्रिदला जायचं ठरलं ते पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्रासाठी. प्रादो संग्रहालय वाटेतच आहे म्हणून सकाळी आधी तिथे गेलो. आई सोबत होती, तिचे गुडघेही.

स्पॅनिश चित्रकार गोयाचं ‘३ मे १८०८’ पुस्तकांत शंभरदा पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते साडेतीन मीटर रुंद आहे आणि त्यातली माणसं जवळजवळ आपल्याएवढी. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध माद्रिदचे लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर फ्रेंचांनी केलेल्या सामूहिक हत्येचं हे चित्र, गोयाने १८१४ मध्ये काढलेलं. पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस दोन्ही हात वर करून गुडघ्यांवर आहे. उभा राहिला तर सगळ्यांपेक्षा उंच भरेल. बंदुका रोखलेल्या शिपायांचे चेहरे दिसतच नाहीत, नुसत्या पाठी आणि पाठीवरची ओझी. मागून आणखी लोक टेकडी चढून येताहेत, एकाने तोंड हातांत लपवलेलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “रांग आहे रे ही.”

मी शंभरदा पाहून जे मला दिसलं नव्हतं, ते तिला पाच मिनिटांत दिसलं. शिवाय जमिनीवर ठेवलेला तो चौकोनी कंदील! चित्रातला सगळा उजेड त्याचाच, आणि तो शिपायांच्या पायाशी आहे. नेम चुकू नये म्हणून आणलेला उजेड.

स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) हे चित्र सुरक्षित जागी नेताना ट्रकला अपघात झाला आणि चित्राला इजा झाली. २००८ मध्ये त्याची नीट डागडुजी झाली.

तिथून ‘गेर्निका’ असलेलं रेना सोफिया संग्रहालय दहा-पंधरा मिनिटांवर. (आईच्या चालीने पंचवीस, वाटेत एक कॉफी.) चालता चालता तिला गोष्ट सांगितली: २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. त्याच यादवी युद्धात बंडखोर सेनापती (आणि पुढे हुकूमशहा) फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. पॅरिसमध्ये बातम्या वाचून पिकासोने महिन्याभरात चित्र उभं केलं.

चित्रासमोर ही गर्दी! जवळपास पावणेआठ मीटर रुंदीचं, काळं-पांढरं-करडं. मेलेलं मूल घेऊन आक्रोश करणारी बाई, किंचाळणारा घोडा, बैल, तुटकी तलवार धरलेला हात.

“अरे, पण विमानं कुठायत?”

नाहीत. बॉम्बही नाही, बंदूक रोखणारा शिपाईही नाही. मारणारा चित्रातून पूर्ण गायब आहे, कारण खाली बाजारात उभ्या असलेल्या बाईला तो दिसणारच नव्हता. गोयाच्या वेळी निदान पाठ तरी दिसायची. इथे वर एक विजेचा बल्ब आहे आणि खिडकीतून हात लांब करून एका बाईने पुढे धरलेला दिवा. हा उजेड मरणाऱ्यांच्या घरातला.

स्पेनमध्ये लोकशाही येईपर्यंत चित्र तिथे न्यायचं नाही, अशी पिकासोची अट होती. ते न्यूयॉर्कहून १९८१ मध्ये आलं. तोवर तो जाऊन आठ वर्षं झाली होती.

खरं सांगायचं तर ‘गेर्निका’समोर मी थक्क झालो, पण हेलावलो नाही. त्याची इतकी पोस्टरं पाहिली आहेत की डोळा आधीच सरावलेला होता. आईचं उलट: तिला मूल घेतलेल्या त्या बाईकडे बघवेना, ती बाकावर जाऊन बसली.

प्रादोत संध्याकाळी सहानंतर फुकट सोडतात. आईला हॉटेलवर पोचवलं आणि कंदील पुन्हा बघायला मी एकटाच रांगेत जाऊन उभा राहिलो.