तुम्ही विचारलंत म्हणून : वाफ ती वाफच ना?

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "साहेब, तुमच्या साखर कारखान्यात पण वाफेवर फिरून वीज देणारं टर्बाइन, अणुवीज केंद्रात पण टर्बाइन. वाफ ती वाफच. मग अणुवीज केंद्राची टर्बाइन बनवणारे जगात एवढे मोजकेच का? आपल्या कोल्हापुरात, शिरोली-गोकुळ शिरगावात, एवढी ओतकामाची फाउंड्री आहे की!" कारखान्याच्या वीजनिर्मितीत माझी हयात गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. आणि तो मला आवडतो.

वाफ तीच नाही, इथूनच सुरुवात. अणुभट्टीची वाफ आपल्या बगॅसच्या, म्हणजे उसाची चिपाडं जाळून केलेल्या वाफेपेक्षा थंड असते. हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे बघतच राहतो. आमच्या बॉयलरची वाफ पाचशे अंशांच्या आसपास, सुपरहीट, एकदम कोरडी. अणुवीज केंद्रात ती जेमतेम अडीचशे ते तीनशे अंश, आणि संपृक्त, म्हणजे जरा निवली की लगेच पाणी होणारी. टर्बाइनमध्ये थोडं काम केलं की तिच्यातून पाणी सुटायला लागतं. भट्टीतलं पाणी प्रचंड दाबाखाली, न उकळता फिरवायचं असतं (त्याच्या उष्णतेवर स्टीम जनरेटर नावाच्या वेगळ्या भांड्यात वाफ करतात) आणि इंधनकांड्यांवरच्या झिर्कोनियम धातूच्या आवरणाला जपायचं असतं. त्यामुळे आच वाटेल तशी वाढवता येत नाही.

अशा वाफेच्या किलोमागे काम कमी निघतं, म्हणून वाफच भरमसाट लागते. आमच्याकडे तासाला शंभर टन वाफ म्हणजे जोरात गाळप चाललंय. जैतापूरला प्रत्येकी 1600 मेगावॉटहून मोठ्या सहा अणुभट्ट्या उभारायची योजना आहे. त्या जातीच्या एका भट्टीला तासाला सुमारे नऊ हजार टन लागते. ही वाफ कंडेन्सरपाशी, म्हणजे तिचं परत पाणी करणाऱ्या भांड्यापाशी, पोचेपर्यंत जवळजवळ हजारपट फुगते. तिला वाट द्यायची तर शेवटच्या ओळीतली पाती लांबच हवीत. फ्रान्समध्ये बेलफोर्टला बनणाऱ्या अराबेल टर्बाइनमध्ये ती 75 इंचांपर्यंत जातात, म्हणजे माणसाहून उंच. (हा कारखाना 2024 मध्ये जनरल इलेक्ट्रिककडून ईडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडे आला. जैतापूरसाठी ईडीएफनं 2021 मध्ये दिलेल्या प्रस्तावात हेच टर्बाइन होतं.) एवढं पातं मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरवलं तर ते मुळातून उपटायला बघणारं बल झेपत नाही. म्हणून अराबेल 1500 फेऱ्यांवर चालतं. वेग निम्मा केला की ते बल एक चतुर्थांशावर येतं.

पण खरा शत्रू पाणी. पात्याचं टोक सेकंदाला शेकडो मीटर वेगानं फिरत असतं, थेंब त्या मानानं संथ. पातंच थेंबांवर जाऊन आदळतं आणि वर्षानुवर्षं त्याची कड कुरतडली जाते. म्हणून उच्च दाबाच्या भागातून बाहेर पडलेली वाफ आधी एका अवाढव्य टाकीत नेऊन तिच्यातलं पाणी वेगळं काढतात, तिला पुन्हा तापवतात आणि मगच पुढे सोडतात. आमच्या कारखान्यात असली टाकी कुणी पाहिलेली नाही, कारण गरजच पडत नाही. शिवाय पात्यांच्या कडा कठीण करायच्या, केसिंगमध्ये (टर्बाइनच्या बाहेरच्या कवचात) पाणी निथळायला खाचा ठेवायच्या.

राहिला रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा. तो ओतकामाचा विषयच नाही, तो घडवावा लागतो, आणि एवढा मोठा पोलादी गोळा दाबून घडवणारे प्रेस जगात मोजके. बेलफोर्टवाल्यांनी वेगळी वाट काढली. लहान तुकडे घडवायचे आणि वेल्डिंगनं जोडून अखंड रोटर करायचा. वेल्डिंग कशाला म्हणतात हे ज्याला कळतं, त्याला यातली हिंमत कळेल.

आपल्या देशात हे काम हरिद्वारला भेल ही सरकारी कंपनी करते. गुजरातमधल्या काक्रापार अणुवीज केंद्राची 700 मेगावॉटची टर्बाइन तिथलीच. म्हणजे येत नाही असं नाही. पण उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात काय झालं तेही मी पोरांना सांगतो. 31 मार्च 1993, पहाटेची वेळ. शेवटच्या ओळीतली दोन पाती थकव्यानं तुटली. रोटरचा तोल गेला, कंपनांनी जनरेटर थंड ठेवणाऱ्या हायड्रोजनचे पाइप फुटले, आग लागली आणि केंद्राची वीज गेली. कर्मचाऱ्यांनी अंधारात बॅटऱ्या घेऊन वर चढून हातानं व्हॉल्व्ह उघडले आणि भट्टीतली अणुक्रिया थांबवणारा बोरॉन आत सोडला. आग विझवायला ठेवलेल्या डिझेल पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी मारत राहिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. सुरुवात मात्र भट्टीत झालीच नव्हती, ती पात्याच्या मुळाशी झाली होती. नंतर ती पातीच नव्या रचनेची करून बसवली.