राउटरचा आयपी बदलण्याआधी घरभर फिरावं लागतं

व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लावून ऑफिसचं हजेरीचं पान उघडलं की समोर आमच्याच प्रिंटरचं पान यायचं. काळी शाई निम्मी, पिवळी संपत आलेली. मी सांगलीत राहते, ऑफिस पुण्यात, हिशेबाचं सगळं काम तिथल्या सर्व्हरवर. सुरुवातीला गंमत वाटली. पण महिनाअखेरीला हिशेबाचा सर्व्हरही सापडेना, तेव्हा ऑफिसमधल्या आयटीवाल्या मुलाला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "मॅडम, घरचा राउटर एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, एक, एक आहे का?" होता. "मग तुमचं सबनेट आणि आपलं सबनेट एकच झालंय. इथलं बदलणं माझ्या हातात नाही, सगळं ऑफिस त्याच्यावर चालतं. घरचं बदला."

भानगड साधी आहे. लॅपटॉपकडे एक पत्ता (आयपी) असतो आणि एक मास्क. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळणारं प्रत्येक यंत्र आपल्याच घरात, म्हणजे आपल्याच सबनेटमध्ये आहे, असं लॅपटॉप धरून चालतो. हजेरीचा सर्व्हर १९२.१६८.१.२० वर आणि आमचा प्रिंटरही १९२.१६८.१.२० वर. लॅपटॉपने घरातच हाक मारली, प्रिंटरने ओ दिली, व्हीपीएनपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

(आकडे इथे देवनागरीत लिहितेय. ब्राउझरमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.)

नवा पत्ता कोणता घ्यायचा यावर मी जरा जास्तच वेळ घालवला, पण तो वाया गेला असं मला वाटत नाही. खासगी नेटवर्कसाठी तीनच पट्टे राखून ठेवलेले आहेत आणि ते आरएफसी १९१८ नावाच्या फेब्रुवारी १९९६ च्या दस्तऐवजात दिलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. १७२.५० किंवा १९२.१६९ असं काही हौसेने टाकलं तर ते दुसऱ्या कुणाचे खरे, जाहीर पत्ते निघतात. गंमत म्हणजे पुढेमागे दोन नेटवर्क जोडायची वेळ आली तर टक्कर नको, म्हणून या पट्ट्यांतला आकडा यादृच्छिक निवडा, अशी जोरदार शिफारस त्याच दस्तऐवजात केलेली आहे. ती ऐकतो कोण? नेटगियरचे राउटर १९२.१६८.१.१ घेऊन येतात, डी-लिंकचे १९२.१६८.०.१, टीपी-लिंकचे या दोहोंपैकी एक. म्हणजे गल्लीतल्या अर्ध्या घरांचा पत्ता एकच.

म्हणून १९२.१६८ नंतरच्या तिसऱ्या आकड्यासाठी ० आणि १ बाद. २९ जिओफायबरचा, तोही बाद, उद्या कनेक्शन बदललं तर पुन्हा हेच. ४३ अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटवर वर्षानुवर्षं वापरात होता, १३७ विंडोज स्वतःचं इंटरनेट वाटताना घेतं, १०० फायबरच्या बऱ्याच डब्यांवर असतो. १० चा पट्टा मोठ्या कंपन्यांचा लाडका. मी ८३ घेतला. त्याला काही कारण नाही, आणि हेच कारण.

आता खरं काम. राउटरच्या पानावर जाऊन एक आकडा बदलायला मिनिट लागत नाही. पण जुना पत्ता घरात ठिकठिकाणी लिहून ठेवलेला असतो आणि तो शोधायला अक्षरशः घरभर फिरावं लागतं. राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते, ती मी कागदावर उतरवली. फोन, टीव्ही, मुलाचा टॅब, टाकीच्या मोटरचा वायफाय स्विच: हे सगळे आपापला पत्ता राउटरकडून मागून घेणारे, त्यांची चिंता नाही. चिंता तिघांची होती. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), आणि वरच्या मजल्यावर वायफाय पोचावं म्हणून ॲक्सेस पॉइंट करून लावलेला जुना राउटर. या तिघांना पत्ता हाताने दिलेला. राउटरने पत्ता बदलला तरी यांना कुणी कळवणार नाही.

नेटवाल्याच्या पोरालाही आधी फोन केला. आमचं कनेक्शन पीपीपीओई आहे, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असतो. काही बिनसलं आणि पिन घालून रिसेट मारावं लागलं तर तोही पुसला जातो. "वहिनी, कशाला त्या नादाला लागता, नेट तर चालतंय की," असं म्हणाला, पण व्हॉट्सॲपवर दोन्ही पाठवलं. व्हीलॅनचा आकडाही (तोही कनेक्शनसाठी राउटरमध्ये भरावा लागतो) मागून घेतला. राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवली. मात्र त्या फाइलमध्ये जुनाच पत्ता असतो. ती परत चढवली की राउटर पुन्हा १९२.१६८.१.१ वर जाऊन बसतो.

आणखी एक गोष्ट आदल्या दिवशीच केली. राउटर पत्ता मुदतीवर देतो, त्याला लीज म्हणतात. आमच्याकडे ती १४४० मिनिटं, म्हणजे पूर्ण दिवस होती. अर्धी मुदत संपली की उपकरण राउटरकडे पुन्हा विचारणा करतं. मी मुदत ५ मिनिटांवर आणली, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे दर दोन-तीन मिनिटांनी विचारायला लागलेले असतील. वायफायवरच्या उपकरणांना याची तशी गरज नसते, राउटर बंद-चालू झाला की ती नव्याने जोडली जातात आणि नवा पत्ता घेतात. पण आमचा हॉलमधला टीव्ही आणि मुलाचा संगणक एका नेटवर्क स्विचमधून (एका वायरीच्या अनेक करणाऱ्या डब्यातून) वायरने येतात. राउटर बंद-चालू झाला तरी स्विच चालूच असतो, त्यामुळे त्यांना काही घडल्याचा पत्ता लागत नाही आणि ते जुना आकडा धरून बसतात.

मग रविवारी दुपारी, घरातले झोपलेले असताना, लॅपटॉप वायरने जोडला. वायफायवरून हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे. राउटर बंद-चालू होताना लॅपटॉप शेजाऱ्याच्या किंवा फोनच्या हॉटस्पॉटला कधी चिकटतो कळत नाही.

या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत आवडलेली युक्ती आता. विंडोजमध्ये एकाच वायरच्या जोडणीला दोन पत्ते देता येतात. नेटवर्क कनेक्शन्समध्ये इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपी व्हर्जन ४, तिथे पत्ता हाताने भरायचा पर्याय, आणि खाली ॲडव्हान्स्ड नावाचं बटण. तिथे मी १९२.१६८.१.२५० भरला आणि ॲड दाबून त्याच्याखाली १९२.१६८.८३.२५०. मास्क दोन्हीला २५५.२५५.२५५.०. गेटवे, म्हणजे बाहेर इंटरनेटवर जायच्या दाराचा पत्ता, रिकामा ठेवला. इंटरनेट नको होतं, फक्त राउटरशी बोलायचं होतं. २५० घेतला कारण राउटर १०० ते १९९ मधले आकडे वाटतो, त्याच्या बाहेर राहिलेलं बरं. आता राउटर जुन्या पत्त्यावर असो की नव्या, लॅपटॉपला तो दिसणारच.

याची रंगीत तालीम वरच्या मजल्यावरच्या ॲक्सेस पॉइंटवर झाली. तो १९२.१६८.१.२ वर होता, त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद आहे ना ते पाहिलं आणि पत्ता १९२.१६८.८३.२ केला. सेव्ह. पान फिरत बसलं. नवा पत्ता टाकला, लॉगिनचं पान आलं. मुख्य राउटर अजून जुन्याच पत्त्यावर होता, तरी वरचं वायफाय चालू होतं, कारण ॲक्सेस पॉइंट फक्त वाहतूक पुढे ढकलतो. त्याचा स्वतःचा पत्ता लागतो तो त्याचं पान उघडण्यापुरता.

डीव्हीआरला मात्र टीव्हीसमोर बसून माऊसने चालवावं लागलं. पासवर्ड कॅमेरे बसवणाऱ्याने पावतीच्या मागे लिहून दिला होता आणि पावती सासऱ्यांच्या फायलीत होती. बाबांची फाइल म्हणजे घरातला एकमेव खात्रीचा बॅकअप. नेटवर्कच्या पानावर तीन चौकटी: पत्ता, गेटवे, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा). तिन्ही बदलायच्या. नुसता पत्ता बदलला तर रेकॉर्डिंग चालू राहतं, पण मोबाइलवरचं ॲप बाहेरच्या सर्व्हरमार्फत चालतं आणि गेटवे चुकीचा असेल तर डीव्हीआरला बाहेर जायची वाटच सापडत नाही. सेव्ह केल्याबरोबर बाबा खोलीतून आले.

"अगं, कॅमेरे बंद पडले काय?"

"बंद नाहीत बाबा, रेकॉर्डिंग चालूच आहे. मोबाइलवर थोड्या वेळाने दिसतील."

"दाराला कोण आलं ते कसं कळणार मग?"

ते खुर्ची घेऊन दारातच बसले.

प्रिंटरला त्याच्या छोट्या पडद्यावरून स्वयंचलित पत्ता घ्यायला लावलं. हाताने पत्ते देण्यापेक्षा राउटरमध्येच आरक्षण (त्या यंत्राला दर वेळी तोच पत्ता) करून ठेवणं मला जास्त पटतं, सगळं एका ठिकाणी दिसतं.

आता मुख्य राउटर. कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडून एकीत जुन्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर येतंय का पाहायला मारलेली हाक) लावला, दुसरीत नव्याला. डावीकडे उत्तरं येत होती, उजवीकडे नुसतं "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". राउटरच्या लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पानावर तिसऱ्या आकड्यात १ च्या जागी ८३ केला, सेव्ह दाबलं, राउटर रीस्टार्ट होईल अशी सूचना आली, ओके. डावी खिडकी अडखळली आणि थांबली. मग दोन्हीकडे शांतता. या वेळेस प्लग काढायचा मोह होतो; काढू नये, सेटिंग अर्धवट लिहिलं गेलं तर मग पिनच हातात घ्यावी लागते. दीड-दोन मिनिटांनी उजवीकडे "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.८३.१" ची ओळ उमटली आणि ओळीखाली ओळ पडत गेली.

ब्राउझरमधलं जुनं पान तसंच फिरत होतं, ते बंद करून नवा पत्ता टाकला. पासवर्ड आपोआप भरला गेला नाही. ब्राउझर पासवर्ड पत्त्याच्या नावाने जपतो, पत्ता नवा म्हटल्यावर त्याच्या लेखी हा राउटर अनोळखी. पासवर्ड पाठ नसेल तर आधीच कुठेतरी लिहून ठेवावा.

आत गेल्यावर राउटरने काय काय स्वतःहून बदललंय ते तपासलं. पत्ते वाटायचा पल्ला त्याने बदलला होता, १९२.१६८.८३.१०० ते १९९. जुनी आरक्षणं मात्र तशीच १९२.१६८.१ वाली. ती काढली, प्रिंटरसाठी नवं टाकलं. सगळं ठीक वाटत असतानाच मुलगा टॅब घेऊन आला, वायफाय आहे पण यूट्यूब नुसतं फिरतंय. टॅबच्या वायफायच्या तपशिलात पाहिलं: पत्ता नवा, गेटवे नवा, आणि डीएनएस १९२.१६८.१.१. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएसची चौकट असते, तिथे जुना आकडा राहून गेला होता आणि राउटर तो सगळ्यांना इमानेइतबारे वाटत होता. संकेतस्थळाचं नाव विचारायला सगळे अशा ठिकाणी जात होते जिथे आता कुणी राहत नाही. चौकटीत १९२.१६८.८३.१ टाकला, टॅबचं वायफाय बंद-चालू केलं, झालं. काही राउटर पत्त्यांचा पल्लाही बदलत नाहीत म्हणे. तसं असेल तर विंडोजच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, म्हणजे त्याला कुणीच पत्ता दिला नाही.

प्रिंटरला नवा पत्ता मिळाला, तरी लॅपटॉपवर तो ऑफलाइनच. विंडोज प्रिंटर बसवताना एक पोर्ट तयार करतं आणि त्यात आकडा लिहून ठेवतं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्टच्या टॅबवर नवं पोर्ट जोडलं. हेच यजमानांच्या लॅपटॉपवर पुन्हा करायला लागलं. बाबांच्या मोबाइलवर कॅमेरे मात्र काही न करता परत आले.

शेवटी माझ्या लॅपटॉपचे ते दोन पत्ते काढून पुन्हा स्वयंचलित केलं. लीजची मुदत परत १४४० केली. व्हीपीएन लावलं, हजेरीचं पान आलं, हिशेबाचा सर्व्हर आला, आणि ऑफिसला कनेक्ट असतानाच घरच्या प्रिंटरवर व्हाउचरही छापता आलं.

लॅपटॉप नसेल तर हे फोनवरूनही जमतं. वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये आयपी स्टॅटिक करून नव्या पट्ट्यातला पत्ता भरायचा. फक्त मोबाइल डेटा बंद ठेवायचा, कारण वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटावर सरकतो आणि मग राउटरचं पान काही केल्या उघडत नाही.

राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर अजून १९२.१६८.१.१ छापलेलं आहे. त्याच्या शेजारी मार्करने नवा पत्ता लिहिलाय, पण छापलेला खोडलेला नाही. कुणी रिसेट मारलं तर तोच लागेल.